वेळ कमी झाला, पण कशामुळे? येऊरच्या पायवाटेवरचा एक धडा

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्या निरीक्षणाचं दुसरं काही स्पष्टीकरण असू शकतं का?" माझ्या मुलाखतीतही आला होता आणि मी पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं होतं. त्या प्रश्नाचा खरा अर्थ मला दोन वर्षांनी कळला, तोही येऊरच्या जंगलात धावताना. त्याची किंमत मात्र मी मोजली नाही, माझ्या मामेभावाने मोजली. म्हणून आजची पोस्ट धावण्यावर आहे. धावत नसाल तरी वाचा, कारण तुमच्या विषयातही हेच घडणार आहे.

मानकोली ते येऊर

मी मानकोलीत राहते. ज्यांनी मुंबई-नाशिक महामार्गाने प्रवास केलाय त्यांना आमचा नाका माहीत असेल: दोन्ही बाजूंना गोदामं आणि पहाटेपासून कंटेनरची रांग. आठवड्यात मी गावातल्या आतल्या रस्त्यांवर थोडंफार धावते. पण मोठ्या अंतराचा सराव करायचा तर धूळ आणि हॉर्न यांत मन लागत नाही. त्यामुळे रविवारी स्कूटी काढायची, खारेगाव, साकेत, माजिवडा करत उपवन गाठायचं, तलावापाशी गाडी लावायची आणि येऊरचा चढ धरायचा.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की बहुतेकांना बोरिवलीचं प्रवेशद्वार आणि कान्हेरी लेणी आठवतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई उपनगर आणि ठाणे यांच्या मधोमध आहे. विहार आणि तुळशी तलाव याच्याच पोटात आहेत. येऊर ही या जंगलाची ठाण्याकडची बाजू. चौकीपासून गावाकडे जाणारा झाडीतला रस्ता आणि पाड्यांमधली रोजच्या वापरातली पायवाट मिळून माझा साधारण सहा किलोमीटरचा फेरा होतो.

माझं ध्येय होतं अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर. मामेभाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता. शिपाई भरतीत मुलांची मैदानी चाचणी ५० गुणांची असते आणि त्यातले २० गुण एकट्या १६०० मीटर धावण्याला असतात. "एकटी जंगलात जाऊ नकोस" म्हणून घरच्यांनी त्याला माझ्याबरोबर जुंपलं. अशी आमची जोडी जमली.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मला फेऱ्याला ५२ मिनिटं लागली. शेवटच्या चढावर अक्षरशः बसले. वैतागून मी सराव बदलला: आठवड्यातून दोनदा चढावर जोरात धावायचं, थांबायचं, परत धावायचं. डिसेंबरच्या मध्याला तोच फेरा ४६ मिनिटांत झाला. मी खूश! वहीत लाल पेनाने लिहिलं, "चढाचा सराव = ६ मिनिटं". आणि मामेभावाला सांगितलं, "तूही हेच कर, माझ्यावर काम झालंय."

त्याने केलं. तरुण पोरगा, आठवड्यातून दोनदाच्या जागी चारदा केलं. जानेवारीत त्याची नडगी दुखायला लागली. आधी धावताना, मग चालताना, मग रात्री झोपेतही. डॉक्टरांनी हाडावर ताण आल्याचं सांगितलं आणि धावणं पूर्ण बंद केलं. त्याच काळात त्याची मैदानी चाचणी आली. तो गेला, लंगडत धावला आणि गुणांत मागे पडला. पुढची भरती कधी निघेल हे कोणालाच माहीत नसतं.

घरी पाय वर करून बसलेला असताना तो माझी वही चाळत होता. म्हणाला, "ताई, ऑक्टोबरला मी नुसता उभा राहूनच भिजायचो. डिसेंबरला स्वेटर घालून आलो होतो. हे तुझ्या वहीत कुठं आहे?"

कुठंच नव्हतं. माझ्या विषयात तापमान न नोंदवता घेतलेलं वाचन मी कचऱ्यात टाकते. स्वतःच्या पायांच्या बाबतीत मात्र मी ते विसरले.

आधी पायवाट समजून घेऊ

सपाट डांबरी रस्त्यावर मिनिटं मोजली की बरंच कळतं. जंगलात तेवढं कळत नाही, कारण पायाखालची जमीन दर पावलाला बदलते.

चढ-उताराचा हिशेब बघा. इटलीचे शरीरक्रिया-शास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक सुंदर मोजमाप प्रसिद्ध केलं. डोंगरी शर्यतींत धावणाऱ्यांना त्यांनी वेगवेगळ्या उतारांच्या ट्रेडमिलवर धावायला लावलं आणि ऑक्सिजनच्या वापरावरून ऊर्जा काढली. त्यांच्या समीकरणात आकडे घातले तर सपाटीवर एका किलो वजनामागे एका मीटरला साधारण ३.६ जूल लागतात. दहा टक्के चढावर हाच आकडा सुमारे ६ होतो आणि दहा टक्के उतारावर २.१ च्या आसपास येतो. म्हणजे चढावर जेवढं जास्त खर्च केलं तेवढं उतारावर परत मिळत नाही. दोन्हींची सरासरी काढलीत तर सपाटीपेक्षा १२-१३ टक्के जास्त खर्च उरतोच.

त्यात ओबडधोबड जमिनीची भर. २०१५ मध्ये वोलोशिना आणि फेरिस या संशोधकांनी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर जेमतेम अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या उंचीचे ठोकळे बसवून लोकांना धावायला लावलं. तेवढ्यानेही ऊर्जेचा खर्च सुमारे ५ टक्क्यांनी वाढला. आपल्या जंगलात तर मुळं, बसाल्टचे दगड आणि हिवाळ्यात त्यांवर पसरलेला पाचोळा. पाचोळ्याखाली काय आहे हे पाऊल पडल्यावरच कळतं.

आता उतार. उतारावर दम लागत नाही म्हणून आपण सुसाट सुटतो आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. याचं कारण उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखं काम करतो. तो आकुंचनाचा जोर लावत असतो आणि त्याच वेळी ताणला जात असतो. अशा कामात स्नायूतंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. "लॅक्टिक अॅसिड साठलंय" हे जिममधलं ठरलेलं वाक्य इथे लागू पडत नाही. धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट पूर्वपदावर येतं. दुखणं त्याच्या कितीतरी नंतर सुरू होतं. जे आधीच निघून गेलंय त्याच्यावर दोन दिवसांनी आळ घेता येत नाही. कारण आणि परिणाम यांचं वेळापत्रक जुळतंय का, हा प्रश्न कुठल्याही विषयात विचारायला शिका.

एक चांगली गोष्ट म्हणजे उताराचा थोडा सराव झाला की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने तेवढी इजा होत नाही. म्हणून उतार टाळू नका, थोडा थोडा वाढवा.

चार संशयित

आता माझ्या सहा मिनिटांकडे वळू. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चढाच्या सरावाशिवाय आणखी काय काय बदललं?

पहिला संशयित: हवा. हा सगळ्यात तगडा. थोडा हिशेब करू, कागद-पेन घ्या.

धावण्याला साधारण एका किलो वजनामागे एका किलोमीटरला एक किलोकॅलरी लागते. ६० किलोची व्यक्ती ताशी १० किलोमीटरने धावली तर तासाला ६०० किलोकॅलरी. यातली तीन-चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा शेवटी उष्णताच होते. म्हणजे कमीत कमी ४५० किलोकॅलरी. ६० किलोच्या शरीराचं तापमान एक अंशाने वाढायला साधारण ५० किलोकॅलरी लागतात. भागाकार करा: उष्णता बाहेर पडलीच नाही तर दर सहा-सात मिनिटांना ताप एक अंशाने चढेल. अर्ध्या तासात माणूस संपेल. असं होत नाही, कारण घाम. एक लिटर घामाची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात आणि ती उष्णता मुख्यतः त्वचेतून घेतली जाते. म्हणजे तासाला निदान पाऊण लिटर घामाची वाफ व्हायला हवी. टपकून खाली पडलेला घाम फुकट गेला.

वाफ किती वेगाने होणार हे त्वचेजवळच्या आणि हवेतल्या बाष्पदाबातल्या फरकावर ठरतं. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेपाशी तो ५.६ किलोपास्कल असतो. समजा ऑक्टोबरच्या सकाळी तापमान २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के आहे. हवेतला बाष्पदाब सुमारे ३ किलोपास्कल, फरक २.६. समजा डिसेंबरच्या सकाळी १८ अंश आणि ६० टक्के. हवेतला बाष्पदाब १.२, फरक ४.४. म्हणजे डिसेंबरमध्ये घाम वाळायला जवळजवळ पावणेदोनपट जोर मिळतो!

ऑक्टोबरमध्ये घाम वाळत नाही, म्हणून शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं. तेच रक्त पायांच्या स्नायूंनाही हवं असतं. हृदय दोघांचं भागवायला ठोके वाढवतं, घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होतं आणि आधीइतक्याच वेगाला ठोके चढत जातात. तुम्ही तितकेच तंदुरुस्त असता, फक्त इंजिन पंख्यासाठीही चालवावं लागतं.

यातून नोंदीसाठी एक बारकावा निघतो. नुसती आर्द्रतेची टक्केवारी लिहू नका. १८ अंशांना ९० टक्के आर्द्रता असली तरी ती हवा २६ अंशांच्या ९० टक्क्यांपेक्षा बरीच कोरडी असते, कारण थंड हवेत मुळातच बाष्प कमी मावतं. त्यापेक्षा दवबिंदू लिहा. हवामानाच्या अॅपवर तो मिळतो आणि एकाच आकड्यात हवेतलं बाष्प सांगतो.

दुसरा संशयित: सरासरीकडे परतणं. मी सराव कधी बदलला? माझ्या सगळ्यात वाईट दिवसानंतर. ५२ मिनिटांच्या त्या दिवशी झोप कमी झाली असेल, आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल. अतिशय वाईट दिवसानंतरचा दिवस काहीही न करता बहुधा बरा जातो. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून हेच दाखवलं होतं. टोकाचं मोजमाप घेतलं की पुढचं मोजमाप सरासरीकडे झुकतं. "त्रास वाढला तेव्हा औषध घेतलं आणि बरं वाटलं" अशा कितीतरी गोष्टींमागे हाच हिशेब असतो.

तिसरा संशयित: वाट पाठ होणं. दहा रविवारांनंतर कोणत्या वळणावर दगड आहे आणि कुठे मूळ वर आलंय हे पायांना माहीत होतं. फुप्फुसं सुधारली की ओळख वाढली? वेळ दोन्हींमुळे कमी होतो.

चौथा संशयित: नुसतं धावत राहणं. अडीच महिने कुठल्याही पद्धतीने नियमित धावलं की सुधारणा होतेच. चढाचा सराव केला नसता तरी किती झाली असती? हे कळायला "चढ न करणारी मी" हवी होती. ती जगात नाही. संशोधनात तुलनागट लागतो तो याच कारणासाठी.

हे चौघे आणि माझा लाडका चढाचा सराव, असे पाच जण त्या सहा मिनिटांवर हक्क सांगत होते. मी एकट्याच्या नावावर सातबारा करून टाकला होता. गंमत म्हणजे मार्च उजाडला, उकाडा वाढला, आणि सराव चालू असूनही माझा वेळ पुन्हा ४९ मिनिटांवर गेला. आधीचा तर्क खरा मानला तर चढाच्या सरावाने मी मंद झाले असं म्हणावं लागलं असतं.

मग नडगी का दुखली?

इथे चूक दुहेरी होती. एक तर कारण सिद्ध झालं नव्हतं. दुसरं, ते माझ्यावर सिद्ध झालं असतं तरी त्याच्यावर लागू झालं असतंच असं नाही. मी २१ किलोमीटरची तयारी करत होते, तो १६०० मीटरची. मी दोन वर्षं धावत होते, तो चार महिने.

धावायला लागल्यावर शरीराचे सगळे भाग एका वेगाने सुधारत नाहीत. रक्तातल्या पाण्याचं प्रमाण एक-दोन आठवड्यांत वाढतं. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडाचं काम मात्र सरकारी दुरुस्तीसारखं चालतं: आधी खोदाई, मग भराव. ताण आला की हाडातला जुना भाग आधी विरघळवला जातो आणि मग नवा भरला जातो. हे चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ते हाड काही जागी आधीपेक्षा कमजोर असतं. नवशिक्याला नेमकं याच काळात वाटतं, "आता दम लागत नाही, वाढवू या." दम तयार असतो, नडगी नसते. मामेभावाचं तसंच झालं असावं.

तुमच्यापैकी कोणी भरतीची तयारी करत असेल तर हे लक्षात ठेवा. स्नायूचं दुखणं पसरलेलं असतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. नडगीच्या हाडावर बोटाने दाबून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, धावताना वाढत असेल, रात्री ठणकत असेल, तर "सहन कर" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

ठोकताळे तपासून घ्या

धावण्याच्या जगात दोन आकडे सगळीकडे भेटतात. दोन्ही तुम्हाला संशोधक म्हणून उपयोगी आहेत.

पहिला: हृदयाचे कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय. हे सूत्र १९७१ च्या एका आढाव्यातून पसरलं आणि आज घड्याळांपासून ट्रेडमिलपर्यंत सगळीकडे आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी बरीच जास्त माहिती गोळा करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. माझं वय २८. पहिल्या सूत्राने १९२, दुसऱ्याने १८८. पण खरा मुद्दा पुढेच आहे: एकाच वयाच्या माणसांमध्ये या आकड्याचं प्रमाण विचलन साधारण १० ठोक्यांचं असतं. म्हणजे १७८ सुद्धा साधारण आणि १९८ सुद्धा साधारण. सूत्र लोकसंख्येची सरासरी सांगतं, तुमचं हृदय सांगत नाही. त्यामुळे मी आता साधी बोलण्याची कसोटी वापरते. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग सोपा. तीन-चार शब्दांवर श्वास तुटला तर जोराचा.

दुसरा: आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नका, मग दुखापत होणार नाही. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी ५३२ नवशिक्या धावपटूंना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून हे तपासलं आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. एका गटाला दहा टक्क्यांच्या नियमावर आधारलेला १३ आठवड्यांचा हळू वाढणारा कार्यक्रम, दुसऱ्याला ८ आठवड्यांचा नेहमीचा. दुखापतींचं प्रमाण निघालं २०.८ टक्के आणि २०.३ टक्के. फरक जवळजवळ शून्य.

आता सावध राहा. याचा अर्थ "कितीही वाढवा, काही होत नाही" असा नाही. दुसरा गटही बेफाम वाढवत नव्हता. मामेभावासारखं एकदम दुप्पट करणाऱ्यांची ही परीक्षाच नव्हती. अभ्यासाने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं तेवढंच घ्या, शेजारच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडी घालू नका. मिनेत्तींच्या आकड्यांनाही हेच लागू. ते कसलेल्या डोंगरी धावपटूंचे आहेत, माझ्यासारख्या रविवारच्या धावपटूचे नाहीत. दिशा पटते, दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर मी पैज लावणार नाही.

आणखी एक सापळा आपल्या मातीतला. सावरपाड्याच्या कविता राऊत, बीडच्या मांडव्याचे अविनाश साबळे, साताऱ्याच्या माणदेशातल्या ललिता बाबर यांची नावं घेऊन आपण म्हणतो, "खेड्यात, डोंगरात मैलोन्मैल चालल्यामुळेच असे धावपटू घडतात." असेलही. पण त्याच वाटांनी शाळेत गेलेली बाकीची हजारो मुलं आपल्या वहीत नाहीत. जे पोचले त्यांच्याकडे बघून वाटेचं मोजमाप करता येत नाही. जे पोचले नाहीत त्यांचीही नोंद लागते.

आता वही कशी ठेवते

स्वतःवर प्रयोग करणं कमी दर्जाचं काम नाही. १९२२ चं नोबेल मिळवणारे ए. व्ही. हिल स्वतः गवताच्या मैदानावर फेऱ्या मारून श्वासातली हवा पिशवीत गोळा करायचे. पण एकाच माणसावरचा प्रयोग करायचा तर शिस्त जास्त लागते. माझी पद्धत अशी आहे:

१. चाचणीची धाव वेगळी. दर दोन आठवड्यांनी एकदा, तोच फेरा, त्याच वेळी, तेच बूट. बाकीच्या धावांची एकमेकींशी तुलना करायची नाही.

२. वेगापेक्षा मेहनत स्थिर. बोलता येईल एवढ्याच जोरात धावायचं आणि वेळ बघायचा. जीव तोडून धावलं तर त्या दिवशीचा मूड मोजला जातो.

३. आधी पाया. काहीही न बदलता निदान चार चाचण्या. माझ्या चार चाचण्यांत तीन मिनिटांचा फरक आला. म्हणजे उद्या दोन मिनिटं सुधारली तरी मला नाचायचं कारण नाही, तो माझ्या नेहमीच्या चढ-उताराचाच भाग आहे.

४. सोबतच्या गोष्टी लिहायच्या. तापमान, दवबिंदू, झोप, वाट ओली की कोरडी, पाळी. शेवटचा रकाना पुस्तकी तक्त्यात सहसा नसतो. माझ्या वहीत आहे.

५. एका वेळी एकच बदल, आणि भाकीत आधी. "आठ आठवड्यांनी, दवबिंदू जवळपास सारखा असताना, वेळ निदान चार मिनिटांनी कमी होईल" असं तारीख घालून लिहायचं. नंतर सोयीचा निष्कर्ष शोधायची वाट बंद होते.

६. दुसऱ्याला दाखवायचं. मामेभावाला मी तारखा झाकून आकडे देते आणि विचारते, बदल कुठे दिसतो? बहुतेक वेळा तो म्हणतो, "कुठंच नाही." हे ऐकायला कडू लागतं.

एक मर्यादा सांगून ठेवते. औषधाच्या प्रयोगात औषध बंद करून, परिणाम ओसरू देऊन पुन्हा सुरू करता येतं. सराव असा पुसता येत नाही, पायांत साठून राहतो. त्यामुळे एकटीच्या वहीतून "यामुळेच" असं मी कधीच ठामपणे म्हणू शकणार नाही. "याच्याशी सुसंगत आहे" इथपर्यंतच माझी मजल. शोधनिबंधांत हे वाक्य वाचून मला पूर्वी वाटायचं, लेखक घाबरट आहे. आता वाटतं, त्याने कधीतरी कोणाची तरी नडगी पाहिली असेल.

जंगलात जाणार असाल तर

सराव साधा ठेवा. आठवड्यातल्या बहुतेक धावा बोलता येईल एवढ्या सोप्या, एक लांब, एक चढाची. खडा चढ चालत चढायला लाजू नका, तिथे चालण्या-धावण्याच्या वेगात फारसा फरक उरतच नाही. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं, तेव्हा वेळ मोजूच नका. पाणी तहानेप्रमाणे प्या. कमी पिणं वाईट, पण तहान नसताना लिटरच्या लिटर ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं.

आणि हे जंगल आहे, मैदान नाही. इथे बिबटे राहतात, पाड्यांवर माणसं राहतात. प्रवेशाच्या वेळा आणि परवानगी वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्या, बंद असलेल्या वाटांवर घुसू नका. उजाडल्याशिवाय सुरुवात करू नका, अंधारायच्या आत बाहेर पडा, सोबत घ्या, कानात इअरफोन घालू नका. बिबट्या दिसलाच तर अख्ख्या पोस्टमधला सगळा सराव विसरून जा: पळायचं नाही, वाकायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरायचं.

मामेभाऊ आता पुन्हा धावतोय. तीन महिने विश्रांती, मग चालणं, मग एक मिनिट धाव आणि दोन मिनिटं चाल असं करत तो परत आला. पुढच्या भरतीची जाहिरात आली की अर्ज भरणार आहे. त्याने स्वतःची वेगळी वही केलीय आणि पहिल्या पानावर लिहिलंय, "ताईचं ऐकायचं, पण हवा बघून."

तुम्हाला गृहपाठ. तुमच्या प्रस्तावातला एक निष्कर्ष घ्या, जो तुम्हाला मनापासून खरा वाटतो. त्याच्या शेजारी चार दुसरी स्पष्टीकरणं लिहा. चार सुचत नसतील तर निष्कर्ष पक्का आहे असं समजू नका. वही दुसऱ्या कोणाला तरी दाखवा.